उन्सोलच्या घरची शिकवणी

आनेलीला कुणी विचारलं असतं, की बाई, कोरियातल्या या छोंग्जू शहरात तुला भीती कशाची वाटते, तर तिने एका दमात सांगितलं असतं: लिफ्टची. बंद पडेल म्हणून नव्हे, आत कुणीतरी ओळखीचं भेटेल म्हणून.

उन्सोलचं घर अकराव्या मजल्यावर. आनेली दर गुरुवारी नवव्यावर उतरायची आणि पुढे जिन्याने चढायची. हातात मुद्दाम भाजीची पिशवी, तिच्यातून कांद्याची पात बाहेर डोकावणारी, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की इथेच कुठेतरी राहते. आता सहा फुटी गोरीपान बाई कांद्याची पात घेऊन हिंडली म्हणून ती इथली थोडीच वाटणार? हे तिलाही कळत होतं. पण घाबरलेल्या माणसाला हातात काहीतरी धरायला लागतं.

भीती उगाच नव्हती. तिचा व्हिसा होता बांग बाईंच्या इंग्रजी क्लासच्या जिवावर. त्या क्लासात शिकवायचं, बाकी कुठे एका पोराला जरी शिकवताना सापडली तर आधी दंड आणि मग थेट देशाबाहेर. वर चुगली करणाऱ्याला सरकारकडून बक्षीस मिळतं म्हणे. त्यामुळे मोबाईल हातात धरलेली प्रत्येक बाई आपलाच फोटो काढतेय असं तिला वाटायचं. आणि देशाबाहेर म्हणजे कुठे जायचं? दक्षिण आफ्रिकेतल्या ज्या गावातून ती निघाली तिथे तिला ओळखणारं कुत्रंही उरलं नव्हतं. बरं, तिचं एक वेळ जाऊ द्या. कार्लाचं काय? पोरगी मांडीवर बसून आली ती आता तिसरीत होती. झोपेत बडबडायची तीसुद्धा कोरियनमध्ये. तिला उचलून नेणं म्हणजे रुजलेलं रोप उपटणं.

मग करायचीच कशाला असली शिकवणी? एकटीच्या पगारात दोघींचं भागेना, दुसरं काय! सुखासुखी कुणी अकराव्या मजल्यावर जीव मुठीत धरून चढतं का?

उन्सोल कार्लाच्याच वर्गातली. लाजरी, पण खोटं म्हणून बोलायची नाही. गृहपाठ केला नसेल तर दारातच सांगून मोकळी. उन्सोलची आई मात्र हुशार, बोलण्यात पटाईत. आणि सुगीनंतर सांग्जू गावाहून तिच्या सासूबाई राहायला आल्या.

पहिल्याच दिवशी दार आजींनी उघडलं. तिला बघून कमरेत वाकल्या आणि तिचे दोन्ही हात धरले. "अगंबाई, मास्तरीणबाई! एवढ्या लांबून आमच्या पोरीला शिकवायला आलात? आणि अंगावर मांस कुठंय तुमच्या?" मग उकडलेली रताळी आली. आजींनी स्वतः सोलून तिच्या तोंडात घातली आणि उरलेली कार्लासाठी बांधून दिली. आई गेल्यापासून आनेलीला असं कुणी भरवलं नव्हतं. तिला रडूच आलं.

"यांना सांगून ठेवा ना, कुणाजवळ बोलू नका म्हणून," ती जाताना उन्सोलच्या आईच्या कानाशी लागली.

"छे! सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. गुपित आहे म्हटलं, की खालच्या म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर आणखी चवीने सांगतील. काही न बोललेलंच बरं. चार दिवसांनी जातील गावी."

पण आजी गेल्या नाहीत, आणि शाळेचा क्रीडादिन आला.

मैदानभर चटया पसरलेल्या, निळ्या टोपीची पोरं एकीकडे, पांढऱ्या टोपीची दुसरीकडे. आनेली आली होती कार्लाची आई म्हणून, त्यात लपवायचं काही नव्हतं. तरी तिचं नशीब बघा, शेजारच्याच चटईवर बांग बाई, भाच्याची शर्यत बघायला आलेल्या. सोबत त्यांचे मेहुणे, शिक्षण कार्यालयातले साहेब. बांग बाईंनी हौसेने ओळख करून दिली. "या आमच्या आनेली टीचर. अगदी सरळ बाई, क्लास आणि घर, तिसरं काही माहीत नाही." साहेबांनी मान हलवली आणि भाताची गुंडाळी तोंडात टाकली.

तेवढ्यात मैदानाच्या त्या टोकाकडून आजी निघाल्या. हातात पदार्थ गुंडाळलेला चंदेरी कागद, तोंडभर हसू, मागोमाग उन्सोल. आनेलीने मान खाली घातली, टोपी ओढली. देवा, इकडे नको. इकडे नको रे.

आजी नेमक्या तिच्यासमोर थांबल्या आणि चारचौघांत कमरेत वाकून नमस्कार केला. गुरूला करतात तसा.

"इथे लपून बसलात होय मास्तरीणबाई! गेल्या गुरुवारी मी दवाखान्यात गेले आणि तुम्ही येऊन गेलात. आमची उन्सोल आता झोपाळ्यावरसुद्धा इंग्रजी म्हणते. कसे उपकार फेडायचे तुमचे?"

शेजारच्या चटईवरचं बोलणं बंद झालं.  आनेलीला साहेबांच्या हातातल्या जेवणाच्या काड्या दिसल्या, हवेतच थांबलेल्या.

"आजी, तुमची चूक होतेय," ती म्हणाली. आवाज आपला नाहीच असं तिला वाटलं. "मी तुम्हाला ओळखत नाही."

आजी खळखळून हसल्या. "काय थट्टा करता म्हातारीची! माझ्या हातची रताळी खाल्लीत की. लेकीसाठी नेलीत की बांधून. हीच ना ती लेक?"

कार्लाने तोंड उघडलं. आनेलीने चटईखालून तिचं मनगट असं दाबलं, की पोरगी कळवळून गप्प झाली.

"काय भानगड आहे, आनेली टीचर?" बांग बाईंचा आवाज गार होता.

उन्सोलची आई धावत आली. तिने एका नजरेत बांग बाई बघितल्या, साहेब बघितले. "अहो आई, हे काय? या कोण? आपल्याकडे कुठली बाई येते शिकवायला?"

आजींचं हसू जरा हललं. "तू पण असं म्हणतेस? अगं, पहिल्या दिवशी तूच तर यांना चहा केलास." त्या नातीकडे वळल्या. "उन्सोल, तू सांग बाळा. तू नाही खोटं बोलायचीस."

उन्सोलने आनेलीकडे बघितलं. आनेलीने काय करावं? नजर काढून घ्यावी, एवढीही लाज उरली नाही तिला. पोरीच्या डोळ्यांत डोळे घालून ती मनातल्या मनात विनवत राहिली, नाही म्हण, नाही म्हण.

"नाही, आजी," उन्सोल हळूच म्हणाली. "या कार्लाच्या आई आहेत. आपल्या घरी कधीच नाही आल्या."

आजींनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग कागदातली रताळी छातीशी धरून पुन्हा वाकल्या, आधीपेक्षा खाली. "माफ करा हं बाई. चार लोकांत तुम्हाला लाजवलं."

"जाऊ द्या हो," बांग बाई हसल्या. "म्हाताऱ्या माणसांना गोरे सगळे सारखेच." साहेबांच्या काड्या पुन्हा चालू झाल्या. आनेलीला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोला, आधी तेच वाटलं. लाज नंतर वाटली.

घरी जाईपर्यंत कार्लाने हात धरू दिला नाही. मनगटावर बोटं उमटली होती.

शिकवणी सोडायची असं आनेलीने ठरवलं होतं, पण फोन आला. "या हो निर्धास्त," उन्सोलची आई म्हणाली. "आता कुणी काही सांगितलं तरी खरं वाटणार नाही." त्या बोलण्याने आनेलीच्या अंगावर काटा आला. तरी गुरुवारी ती गेली. नवव्यावर उतरली, जिना चढली.

उन्सोलच्या आईने तिला दारातच थांबवलं. "हळू बोला. सासूबाई खोलीत सामान भरतायत. सोमवारी वृद्धांच्या शुश्रूषागृहात जायच्यात."

"का?"

"उन्हाळ्यात दोनदा गॅस चालू राहिला होता, तेव्हापासून नणंद मागे लागलीय. ह्या ऐकायच्या नाहीत. म्हणायच्या, तोंडं ओळखता येतात तोवर मी कुठे जाणार नाही. त्या दिवशी मैदानावरून आल्या आणि आपणहून लेकाला म्हणाल्या, ने मला. मी न झालेल्या गोष्टी बघायला लागलेय."

"पण त्यांना काही झालेलं नाही! तुम्हाला माहितीय!"

"मग सांगा जाऊन." उन्सोलची आई शांतपणे म्हणाली. "उद्या कट्ट्यावर आख्ख्या कॉलनीला ओरडून सांगतील, बघा, माझं डोकं ठिकाणावर आहे, मास्तरीण खरंच येते. मग तुम्ही आणि तुमची कार्ला विमानात. सांगा ना, मी नाही अडवत."

खोलीचं दार सरकलं. आजी बाहेर आल्या. त्या दिवसापेक्षा लहान दिसत होत्या. आनेलीला बघून दचकल्या, भिंतीला हात टेकला.  नमस्कार करावा की नाही हे त्यांना समजेना.

"रागावू नका हं," त्या घाबरत घाबरत म्हणाल्या. "आता मला खात्री राहिली नाही, म्हणून विचारते. तुम्ही याआधी आमच्याकडे आला होतात का हो?"

आतल्या खोलीत उन्सोल वही उघडून बसली होती. तिने मान वर केली नाही. आनेलीच्या डोळ्यांपुढे कार्ला आली, शाळेच्या दप्तरासकट.

"नाही आजी," ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच आले."

आजींनी मान डोलावली. डोळे पुसले आणि सुनेकडे वळल्या. "बघ, मी म्हणत होते ना? सोमवारपर्यंत कशाला थांबायचं? उद्याच सोडून या मला."

मग त्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आनेलीने बूट काढले, उन्सोलसमोर जाऊन बसली आणि शिकवायला लागली.