एवढ्याशा आजींची एकच पिशवी

मी एक जुना फ्रीज आहे. पण मित्रांनो, माझ्याकडे दूध-भाजी मागू नका. माझ्या पोटात रक्ताच्या पिशव्या असतात. मी नवा आलो तेव्हा ऑपरेशन थिएटरच्या या बोळात माझं केवढं कौतुक झालं! आता घरघरतो म्हणून येता-जाता शिव्या खातो.

माझ्यासमोरून माणसं गुडघे, खुबे बदलायला आत जातात. कुणाला रक्त लागेल, ते आधी ताडावं लागतं. आमच्याकडे ते नुसत्या नजरेने ताडतात. देह मोठा तर पिशव्या दोन, लहान तर एक. जणू कपडेच बेतायचे आहेत!

त्या दिवशी एका थिएटरात धिप्पाड पैलवान होते आणि शेजारच्या थिएटरात एक आजी. दोघांचा रक्तगट एकच. पैलवानांच्या नावाने दोन पिशव्या, आजींच्या नावाने एक.

"अंगाने एवढीशी तर आहे, तिला कितीसं लागणार?" मोठे डॉक्टर हसून म्हणाले होते.

अहो, एवढ्याशा देहात रक्तही एवढंसंच असतं! त्यातून आजींच्या अंगात ते आधीच कमी होतं. मी जीव तोडून घरघरलो, पण फ्रीजचं कोण ऐकतं?

आजींची पिशवी संपली. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. "आणखी द्या, लवकर!"

"मॅडम, उरलेल्या दोन्ही पैलवानांच्या आहेत. त्यांचंही ऑपरेशन चालू आहे." सिस्टर रडकुंडीला आल्या. "शिवाय आजींच्या रक्ताशी जुळवून बघायला हव्यात."

"मग विचारा ना तिकडे, लागणार आहेत का! बघत काय उभ्या राहिलात?"

आजींची लेक माझ्या दाराला पाठ टेकून उभी होती. "सिस्टर, माझं घ्या की हो. हवं तेवढं घ्या. आई आहे ती माझी."

पण तिचं रक्त तपासून वापरायला तास लागले असते. तिच्यामागे वीतभर अंतरावर रक्त होतं आणि मला माझंच दार उघडता येत नव्हतं. इतका लाचार मी कधीच नव्हतो.

पैलवानांना रक्त लागलंच नाही. पण ते कळून, पिशव्या जुळवून आत नेईपर्यंत आजी गेल्या होत्या. सिस्टरांनी दोन्ही पिशव्या परत माझ्यात ठेवल्या. त्या अजून गारच होत्या.

मित्रांनो, लवकरच मी भंगारात जाईन. मला हात असते तर ते जोडून सांगितलं असतं. तुमच्या आजीचा सांधा बदलायचा असेल, तर तिचं रक्त आधी तपासा, कमी असेल तर वाढवून घ्या. आणि "एवढीशी तर आहे" म्हणून कुणी हसलं, तर तुम्ही हसू नका.