कपाटातला सूक्ष्मदर्शक आणि आ-मानचा डोळा

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक. दक्षिण तैवानच्या एका गावातल्या लहान दवाखान्यात, लोखंडी कपाटाच्या तळाशी कोंडलेला.

पूर्वी मी खिडकीपाशी असे. डॉक्टर ल्याओ रोज माझ्या नळीला डोळा लावत आणि माझे कौतुक करत. पुढे नमुने शहरातल्या प्रयोगशाळेत जाऊ लागले आणि मला कुलूप लागले. आत अंधार, दमट हवा. बाहेरचे आवाज तेवढे ऐकू येत. हाक मारायला मला तोंड नाही.

एकदा कापणी चालू असताना आ-मान नावाच्या शेतकरी बाईच्या डोळ्याला भाताचे पाते लागले. डॉक्टरांनी जिवाणू मारणारे थेंब दिले. ती रोज येई आणि रोज तिचा आवाज जास्त रडवेला होई.

"डॉक्टर, थेंब टाकून टाकून डोळ्याचं तळं झालं. दिसत मात्र काही नाही!"

वादळाने घाटातला रस्ता खचला होता. नमुना शहरात पोहोचणार कसा? मी आत तळमळत होतो. मला बाहेर काढा, एकदा बघू द्या!

"सू-हुई, कपाटाची किल्ली कुठंय?" डॉक्टरांनी परिचारिकेला विचारले.

"त्या भंगाराची? कुलूप गंजलंय, डॉक्टर."

"मग तोड."

दार उघडले आणि उजेडाने मी दिपून गेलो. आ-मानच्या बुबुळावरून खरवडलेला कण काचपट्टीवर आला. जिवाणू माझ्या ओळखीचे. माझ्या सर्वांत मोठ्या भिंगातूनही ते इवलेसे ठिपके नाहीतर काड्या दिसतात. इथे मात्र लांब, फाटे फुटलेले धागे होते आणि त्यांत आडव्या भिंती.

"अगं, ही तर बुरशी!" डॉक्टर ओरडले.

"मग आपले थेंब वायाच गेले?" सू-हुई म्हणाली.

"गेलेच. जिवाणूची पेशी म्हणजे एका खोलीचं घर. केंद्रकाला पडदा नाही, गुणसूत्र तसंच मोकळं पडलेलं. बुरशीच्या पेशीत केंद्रकाची वेगळी खोली, ऊर्जा तयार करायला वेगळ्या तंतुकणिका. अगदी आपल्या पेशींसारखं. तिला औषधही वेगळंच लागतं."

"म्हणजे माझ्या डोळ्यात आपल्याच गोतातली बया घुसलीय?" आ-मानने विचारले.

"लांबची भावकी, मावशी."

"मग आधी हाकला तिला! भावकीनं माझं शेत खाल्लं, आता डोळाही खाणार?"

थेंब बदलले. डोळा हळूहळू निवळला. बुबुळावर एक पांढुरका डाग राहिला, पण भात कुठला आणि तण कुठले हे तिला पुन्हा दिसू लागले. ती पेरू घेऊन आली आणि माझ्या नळीवरून हात फिरवून गेली. त्या स्पर्शाने मला वाटले, सुटलो.

त्याच आठवड्यात रस्ता दुरुस्त झाला. कपाटाला नवे कुलूप आले.

आता माझ्या भिंगावरच बुरशी चढते आहे. बारीक, पांढरे धागे. दुसऱ्याच्या डोळ्यातली बुरशी मी दाखवली. माझ्या डोळ्यातली कुणाला दाखवू?

मित्रांनो, तुमच्या शाळेतही असे एखादे बंद कपाट असेल. ते उघडा. भिंग मऊ कापडाने पुसा, कोरड्या जागी ठेवा. आणि माझ्या गावाकडे कुणी येणार असाल, तर लवकर या. अजून मला थोडे दिसते आहे.