आग नको म्हणाली होती

"झाकण उघड ना. कुठे झोपायचंय ते बघू तरी दे."

बेरिल दाराच्या चौकटीला धरून उभी होती. गाडीपासून इथवरची वीस पावलंसुद्धा तिला जड गेली होती. वॉलीने हातमोजे काढले आणि स्टीलच्या लांबट टाकीचं जाडजूड झाकण ओढलं. बहिणीने वाकून आत पाहिलं, बोटाने टकटक केलं.

"तुझ्या दुधाच्या फॅक्टरीतली वाटते."

"तसलीच आहे."

"पाणी गरम असतं?"

खोटं बोलणं वॉलीला कधी जमलं नव्हतं. "असतं. उकळीच्या जरा अलीकडे. त्यात पोटॅशचा क्षार. पंधरा-सोळा तास लागतात."

"पण जाळ नाही."

"जाळ नाही."

"मग झालं तर," बेरिल म्हणाली आणि खोकायला लागली.

सहा वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर वणवा उतरला, तेव्हा बेरिल शेतातल्या तळ्यात गळ्याइतक्या पाण्यात, डोक्यावर भिजलेलं ब्लँकेट घेऊन चार तास उभी होती. नवरा क्लाइव्ह गाईंचं फाटक उघडून येतो म्हणाला, तो आलाच नाही. तिला तळ्यातून सगळं दिसलं होतं. ऐकूही आलं होतं. त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. फक्त एकट्या भावाच्या घरी राहायला आल्यावर तिने गॅसची शेगडी काढायला लावली, आणि वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्तीसुद्धा कुणाला पेटवू दिली नाही. धुराने तिची फुप्फुसं पोखरली होती. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिली, तेव्हा ती वॉलीला म्हणाली, "मला तुझ्या टाकीत घाल."

वॉलीने तीस वर्षं दुधाच्या टाक्या क्षाराने धुतल्या होत्या. फॅक्टरी बंद पडली. अंत्यविधी करणाऱ्या हेदरने गावात मृतदेह जाळण्याऐवजी क्षाराच्या गरम पाण्यात विरघळवायची सोय आणली, तेव्हा झडपा आणि क्षार कळणारा माणूस तिला हवाच होता. धूर नाही, गॅस फारसा जळत नाही, म्हणून लांबलांबचे लोक येऊ लागले. गाव मात्र हसलं. क्लबात वॉली शिरला की कुणीतरी ओरडायचं, "काय वॉली, आज कुणाचा रस्सा?" शाळेत त्याच्या बाकावर बसलेलेही त्यात खिदळायचे. त्याने क्लब सोडला.

बेरिलने कागद लिहिला: 'आग नको. पाणी. आणि वॉलीच्या हातून.' खाली दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. ऐन उन्हाळ्यात, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी, टोस्टला लोणी लावता लावता, ती गेली.

तिचा मुलगा ब्रेट पर्थहून आला. स्वयंपाकघरात मामाच्या समोर बसला, पण कोट काढला नाही.

"मामा, आईला मी गटारात सोडणार नाही."

"गटारात कोण सोडतंय? हाडं राहतात. ती वाळवून, दळून तुझ्या हातात देतो. पांढरी शुभ्र असतात. उरलेल्या पाण्यात आपलं माणूस म्हणावं असं काही नसतं रे. क्षार, साबण, एवढंच."

"आणि पोरांना काय सांगू? आजीला विरघळवली? तीही तिच्या सख्ख्या भावाने?"

"सांग, आजीने स्वतः मागितलं होतं. हा बघ कागद."

ब्रेटने कागद वाचला आणि घडी घालून परत सरकवला. "वणव्यानंतर तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तुलाही माहीत आहे."

"डोकं ठिकाणावर होतं म्हणून तळ्यात शिरली ती! तू कुठे होतास तेव्हा?"

बोलून गेल्यावर वॉलीला वाटलं, जीभ चावावी. ब्रेटचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवसांत तो पोराबाळांना घेऊन बालीला सुट्टीवर होता.

"बाबा आगीत गेले," तो उठत म्हणाला. "आईही तशीच जाईल. निदान दोघं एका वाटेने तरी जातील."

वॉली तडक हेदरकडे गेला. तिने कागद उलटसुलट करून पाहिला.

"मृत्युपत्र वीस वर्षांपूर्वीचं आहे, वॉली. त्यात सगळी व्यवस्था ब्रेटकडे दिलीय. हा कागद म्हणजे कायद्याच्या लेखी नुसती इच्छा. शब्द ब्रेटचा चालणार."

"जी मेली, तिचा शब्द नाही चालत?"

हेदरने कागदाची घडी घालून तो त्याला परत दिला. संध्याकाळी तिने ब्रेटला फोन करून पाहिला, पण त्याने तो उचलला नाही.

शुक्रवारी तासाभराच्या अंतरावरच्या मोठ्या गावात दहन ठरलं. जाऊच नये, असं वॉलीने दोनदा ठरवलं आणि शेवटी इस्त्रीचा शर्ट घालून गेला. सात-आठ माणसं होती. प्रार्थना झाली, क्लाइव्ह आणि बेरिलचा लग्नातला फोटो पडद्यावर आला. मग तिथे काम करणाऱ्या तरुण मुलीने जवळच्यांना मागच्या खोलीत नेलं. शवपेटी रुळांवर ठेवली होती. समोर लोखंडी दार, भिंतीवर हिरवं बटण.

"घरच्यांपैकी कुणाला दाबायचं असेल तर," मुलगी हळू आवाजात म्हणाली, "नाहीतर मी दाबते."

ब्रेट पुढे झाला. हात उचलला आणि तसाच खाली आला. तो रडू लागला. मग मागे वळून म्हणाला, "मामा, तू दाब ना. तुला सवय आहे."

वॉली त्याच्याकडे बघत राहिला.

"सवय?" तो म्हणाला. "अडीचशेच्या वर माणसं गेली माझ्या हातून, ब्रेट. मनाविरुद्ध एकही नाही."

ब्रेटने तोंड रुमालात खुपसलं होतं. मुलीने घड्याळाकडे नजर टाकली आणि बटणाकडे हात नेला. तिच्या नखांना गुलाबी रंग होता. बेरिल कोण, कुठली, तिला काही ठाऊक नव्हतं.

"थांब पोरी," वॉली म्हणाला.

तो पेटीजवळ गेला, लाकडावर तळवा टेकला, कानाशी बोलावं तसं काहीतरी पुटपुटला आणि त्याने बटण दाबलं. दार वर सरकलं. आतून आलेली धग त्याच्या तोंडावर बसली, तरी तो मागे झाला नाही. पेटी पूर्ण आत जाऊन दार बंद होईपर्यंत त्याने पापणी हलवली नाही.

बाहेर सगळे सँडविच खायला जवळच्या हॉटेलात निघाले. ब्रेटने गाडीचं दार उघडून धरलं.

"चल ना, मामा."

"तू हो पुढे."

गाड्या गेल्या. वॉली इमारतीला वळसा घालून मागच्या आवारात आला. धुरांड्यातून धूर दिसत नव्हता; वरची हवा तेवढी थरथरत होती. थोड्या वेळाने ती मुलगी बाहेर आली.

"आजोबा, आता इथे थांबून करण्यासारखं काही राहिलं नाही. राख सोमवारी मिळेल."

"किती वेळ लागतो?"

"दीड तास. कधी दोन."

"मग थांबतो. एकटी आहे ती आत."

मुलीने आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि झाडाच्या सावलीत ठेवली. वॉलीने मान हलवून आभार मानले. डोक्यावरची टोपी काढून त्याने छातीशी धरली आणि तो तसाच, अडतीस अंशांच्या उन्हात, धुरांड्याकडे तोंड करून उभा राहिला. खुर्ची दोन तास रिकामी होती.