चालेनासं झालेलं कार्ड

मित्रांनो, मी प्लास्टिकचं एक जुनं कार्ड आहे. पांढुर्ण्याच्या प्रणालीला शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये राहण्याची परवानगी आहे, असं माझ्यावर छापलेलं आहे. तिचे वडील गौतम हे नगरपालिकेत नोकरी करतात. त्या घरातून परदेशी गेलेली ती पहिलीच.

विमानतळावर, कॉलेजात, खोली भाड्याने घेताना ती मला पुढे करायची. लोक माझ्यावरचा फोटो बघायचे, तिच्याकडे बघायचे आणि मान डोलवायचे. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग तिथल्या सरकारने कार्डं बंद केली. परवाना तोच राहिला, फक्त तो ऑनलाइन झाला. फोनवर आलेला आकडा टाकला की खातं उघडायचं आणि परवाना दिसायचा. तरी प्रणालीने मला पाकिटातून काढलं नाही.

शेवटच्या वर्षी तिची आई वत्सला खूप आजारी पडली. प्रणाली तातडीने निघाली. नागपूरहून पांढुर्ण्याला येताना रेल्वेत तिचा फोन चोरीला गेला. थोड्याच दिवसांत आईही गेली. त्या दुःखात फोनचं कुणाला सुचणार?

परीक्षेसाठी परत जाताना विमानतळावरच्या मुलीने मला उलटंपालटं करून पाहिलं. "मॅडम, हे कार्ड आता चालत नाही. ऑनलाइन दाखवा."

प्रणालीने वडिलांच्या फोनवर पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. आकडा चोरीला गेलेल्या फोनवरच जात होता.

गौतमनी मला उचलून धरलं. "फोटो हिचाच आहे न, मॅडम? मंग कामून नाही म्हणता?"

"फोटो बरोबर आहे, काका. पण मला स्क्रीनवर दिसायला पाहिजे."

विमान गेलं. खात्यातला नंबर बदलून मिळेपर्यंत परीक्षा होऊन गेली. कॉलेजने तिचं नाव कमी केलं आणि मग परवानाही रद्द झाला.

मित्रांनो, तुमचं सगळं एकाच फोनच्या भरवशावर ठेवू नका. आणि उद्या तुम्ही अशा काउंटरमागे बसलात, तर समोरच्या माणसासाठी वरिष्ठांना एखादा फोन करून बघा.

आता मी कपाटात पडून आहे. परवा प्रणालीचा आवाज ऐकू आला. "बाबा, मी आईले पाहाले आलीच नसती तं बरं झालं असतं का?"

"तुया हातानं पाणी पिऊन गेली ते, बेटा," गौतम म्हणाले.