दुर्बिणीचा चौथा स्क्रू

मित्रांनो, तळहातावर ज्वारीचा एक टपोरा दाणा ठेवा. तेवढाच मी. घाटाखालच्या एका गावात भगवंतराव पाटलांच्या रायफलीवर दुर्बीण बसवलेली आहे. ती चार स्क्रूंनी धरून ठेवली आहे. त्यातले तिघे दुर्बिणीबरोबर मखमली पेटीतून जर्मनीहून आले. चौथा मी, खामगावच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, घडलेला. त्या तिघांना आपल्या घराण्याचा भारी ताठा. पण हादरा बसला की सगळ्यात जास्त भार मलाच पेलावा लागतो, हे त्यांनाही ठाऊक आहे.

माझा जन्म मात्र एका चुकीतून झाला, आणि ती चूक लपवली गेली असती तर मी जन्मलोच नसतो. म्हणून ही हकिगत सांगतो.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चाले. खामगावच्या एका जिनात इंद्रभान मिस्त्री होता. सरकी निघाली नाही की इंद्रभान, पट्टा तुटला की इंद्रभान. मी त्याच्या पत्र्याच्या डब्यात पडलेला एक पोलादी तुकडा होतो, मोडक्या जिनाच्या दांड्याचा. माझा काही उपयोग होईल असे मलाही वाटत नव्हते.

एके दिवशी भगवंतराव रायफल आणि नवी दुर्बीण घेऊन आले. वयामुळे त्यांना बंदुकीच्या टोकावरची नेम धरायची माशी धूसर दिसू लागली होती, आणि गावात लायसनची बंदूक एवढी एकच. रानडुकरे भुईमूग उकरून टाकत. इंद्रभानने चार भोके पाडली, आटे पाडले. पण मागच्या भोकात घाईने आटे पाडायचा जिनाचाच टॅप फिरवला. त्या आट्यांची जात निराळी. जर्मन स्क्रू अडला, त्याने जोर केला आणि भोकातले आटे गेले. स्क्रू नुसता गरागरा फिरू लागला.

बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आतून हाका येत होत्या. इंद्रभानने जिनातले सगळेच करतात ते केले. कापसाचा बारीक पीळ काढला, लाखेत बुडवला, भोकात कोंबला आणि वरून स्क्रू आवळला. घट्ट बसला! जिनाच्या लाकडी चौकटीत अशी युक्ती वर्षानुवर्षे टिकते. जिन हादरते, पण ते लाथ मारत नाही. रायफल मारते.

दीड महिन्याने भगवंतराव परत आले. त्यांनी रायफल बाकावर ठेवली आणि खाली मान घालून बसले.

"मिस्त्री, हे काढून घे दुर्बीण. बंदूक मी ठाण्यात जमा करून राह्यलो."

"काऊन जी, पाटील?"

"सोजराबाईच्या वावरात डुकरं आली होती. फटफटलं होतं. डुक्कर डाव्या अंगाले होतं, बाईचा राखणीचा माळा पार उजव्या अंगाले. मी नेम धरला तो डुकरावर, अन् गोयी गेली माळ्याच्या खांबात. बाई वर बसेल होती. हातभर वर लागली असती तं…" त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "माहे डोये गेले, मिस्त्री. आता या हातानं बंदूक उचलणार नाही."

इंद्रभानने मागच्या स्क्रूला अंगठ्याचे नख लावले. तो फिरला. पेचकसाची गरजच पडली नाही. भोकातून लाखेने काळा पडलेला कापूस बाहेर आला.

मित्रांनो, तो क्षण मी डब्यातून पाहत होतो. कापूस मुठीत दाबून टाकला असता तर कोणाला काय कळणार होते? पाटील स्वतःलाच दोष देत होते. इंद्रभानचे नाव अख्ख्या खामगावात होते. पण त्याने मूठ उघडून पाटलांच्या पुढे धरली.

"पाटील, तुमचे डोये नाही चुकले. माहा हात चुकला. आटे गेले होते, मी कापूस भरला. तुमाले सांगतलं नाही."

भगवंतराव ताडकन उठले. "बाई मेली असती बे!"

"हाव."

पाटील रायफल त्याच्यापुढे सरकवत म्हणाले, "नीट कर. अन् मले सांगतलं तसं तिलेबी सांग. तुह्या तोंडानं."

आणि मित्रांनो, त्या दिवशी माझे नशीब उघडले. इंद्रभानने डबा उपडा करून मलाच उचलले. बिघडलेले भोक त्याने थोडे मोठे करून सरळ केले, रॉकेलने धुतले, आणि या वेळी एकेक फेरा मोजत नवे आटे पाडले. त्याच मापाने मला कानशीने घासले. फार लागले, खोटे कशाला बोलू? पहिल्यांदा मी लांब झालो. माझे टोक आत घुसले आणि काडतूस आत सरकवणारा रायफलीचा बोल्ट अडला. आधीचा इंद्रभान वैतागला असता. या इंद्रभानने मला काढले, दोन वेळा घासले, पुन्हा बसवले, पुन्हा काढले. बोल्ट लोण्यासारखा सरकला तेव्हाच त्याने मला शेवटचा पीळ दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सोजराबाईच्या वावरात गेलो. ही म्हातारी एकटीच नदीकाठी वांगी-भुईमूग पिकवायची. इंद्रभानने तिला सगळे सांगितले, कापसासकट. ती ऐकत राहिली. मग माळ्याच्या खांबातल्या भोकात बोट घालून म्हणाली, "बंदुकीचं भोक तं बुजवलं तुनं. या भोकाचं काय करतं?"

इंद्रभान वाकून ते भोक पाहू लागला. म्हातारी पाटलांकडे वळली.

"अन् पाटील, तुमी बंदूक ठाण्यात देऊन राह्यले म्हणे. माह्या भुईमुगाले कोण राखीन मंग? डुकराले सांगू काय, पाटील रुसले म्हणून?"

पाटील कितीतरी दिवसांनी हसले. इंद्रभानने बांधावरच्या बाभळीची फांदी तोडली, तासून खुंटी केली आणि खांबातल्या भोकात ठोकली. सोजराबाईने लगेच तिच्यावर भाकरीचे फडके टांगले. मग माळ्याकडे पाठ करून, नदीच्या दरडीवर पांढरे फडके लावून पाटलांनी तीन गोळ्या झाडल्या. प्रत्येक गोळीनंतर इंद्रभान माझ्या डोक्यावर पेचकस ठेवून पाही. मी हललो नाही. तिन्ही गोळ्या एका वितीत बसल्या, आणि त्या वर्षी सोजराबाईचा भुईमूग घरी आला.

याला आता बारा वर्षे झाली. दर खंडेनवमीला इंद्रभान खामगावहून येतो आणि सोजराबाईच्या माळ्याखाली मला तपासतो. सोजराबाई रायफलीला झेंडूचे फूल वाहते. माझ्यावर हळदीचे एक बोट टेकवते, मग खुंटीवर एक. ती बाभळीची खुंटी माझी धाकटी बहीण लागते. आम्ही दोघेही एकाच चुकीच्या पोटी, एकाच हाताने घडलो. त्या हाताचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

मित्रांनो, माझे मागणे लहानसेच आहे. बंदूक असो की बैलगाडी, तिचे लहान लहान स्क्रू अधूनमधून आवळून पाहत जा. आणि कधी तुमच्या हातून आटे गेले तर वरून कापूस भरू नका. तोंडाने सांगून टाका. मग माझ्यासारख्या एखाद्या टाकाऊ तुकड्यालाही चांगले दिवस येतात.

यंदा इंद्रभान काठी टेकत आला. त्याचा हात इतका कापत होता की पेचकस माझ्या खाचेत बसेना. भगवंतरावांनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला, आणि दोघांनी मिळून मला पिळून पाहिले.

"हालला काय?" सोजराबाईने विचारले.

"नाही, माय."

"माही खुंटीबी नाही हालली," ती म्हणाली, आणि खुंटीवरचे फडके काढून तिने तिघांपुढे भाकरी सोडली.