काचेवरचं पिल्लू

निंगच्या शवपेटीपेक्षा मेयर बुएनाफेंनी पाठवलेलं पुष्पचक्र मोठं होतं, आणि पुष्पचक्रापेक्षा त्यावरचं मेयरांचं नाव.

निंग माझी विद्यार्थिनी, कॉलेजच्या पाक्षिकाची संपादक. मेयरांच्या खाणीत गाडल्या गेलेल्या सात मजुरांची बातमी तिने लिहिली, तेव्हा पाक्षिकाचा सल्लागार म्हणून मी एकच सल्ला दिला, "जरा सौम्य कर." तिने केली नाही. पाक्षिक बंद झालं, ती डोंगरात बंडखोरांना जाऊन मिळाली, आणि मी शाल वगैरे घेऊन निवृत्त झालो. सहा वर्षांनी लष्कराने तिला ट्रकमधून परत आणलं. चकमकीत मेली, म्हणाले. मनगटांवर दोरीचे वळ होते. चकमकीत असंही होत असावं.

तिची आई, आलिंग सेडिंग, पेटीजवळ गेली. तिने पेटीच्या काचेवर कोंबडीचं पिल्लू सोडलं आणि मूठभर तांदूळ टाकले. आमच्याकडे खून झालेल्याच्याच पेटीवर पिल्लू ठेवतात. ते दाणे टिपतं, तसतशी खुन्याच्या काळजाला टोच बसते म्हणे.

दफनापर्यंत पेटी घरातच असते आणि लोक पत्ते खेळत जागरण करतात; तिसऱ्या दिवशी मेयर फोटोग्राफर घेऊन आले. गंभीर चेहरा झाला, फोटो झाला, मग पिल्लू दिसलं.

"हे काय, आलिंग सेडिंग?"

"पिल्लू आहे, मेयर. भूक लागते त्याला."

"लोक काय म्हणतील?"

"लोक पत्ते खेळताहेत. तुम्हीच विचारताय."

पत्त्यांच्या टेबलावर कोणीतरी खोकलं. मेयरांनी कागद काढला. 'चकमकीत मृत्यू' यावर सही करा, पिल्लू उचला, दफनाचा परवाना संध्याकाळी घरपोच. मग माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही शिकलेले. समजवा जरा."

मी कॉफीत बिस्किट बुडवत होतो. किळस आली. आधी मेयरांची, मग बिस्किटाची, मग कागद घ्यायला आपोआप पुढे झालेल्या माझ्या हाताची.

आलिंग सेडिंगने तो कागद माझ्याकडून काढून घेतला आणि पिल्लाखाली अंथरला. पिल्लाने तत्काळ आपला अभिप्राय नोंदवला.

मेयर परवाना न देताच गेले. त्यांचं कार्यालय रस्त्यापलीकडेच. औषध टोचलेलं शरीर तरी या उकाड्यात किती टिकणार? बाराव्या दिवशी वास त्यांच्या खिडकीत पोचला. तोवर पिल्लाला पिसं फुटली होती. चौदाव्या दिवशी कारकून नाकाला रुमाल लावून परवाना टाकून गेला. मेयरांची सही ठसठशीत होती. मृत्यूचं कारण, ही जागा तेवढी कोरी.

आलिंग सेडिंगने पेन माझ्यापुढे धरलं.

"लिहा, सर. सौम्य नको."