तिसरा टोला उशिरा पडला

मी एक जुना, गंजका, बूड कापलेला गॅसचा सिलिंडर आहे, आणि तरीही भर महासागरातल्या सवाईई बेटावरच्या आमच्या गावात माझ्या आवाजाशिवाय पान हलत नाही. प्रत्यक्ष चर्चचे पाळकसुद्धा माझे ऐकतात, मित्रांनो! आहात कुठे?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जहाजातून आलो आणि एका बेकरीत पाव भाजायला लागलो. लोक पावाचे कौतुक करत, माझे नाव कुणी घेत नसे. पुढे गंज चढला तसे मला दुकानामागे टाकून दिले. एक कोंबडी माझ्या आडोशाला अंडी घालू लागली, तेवढाच काय तो माझा मान.

मग तावीता नावाच्या तरुणाची नजर माझ्यावर पडली. पोटात उरलासुरला गॅस पेटू नये म्हणून त्याने मला आधी पाण्याने काठोकाठ भरले, मग करवतीने माझे बूड कापले आणि समुद्राकडच्या नीरफणसाच्या झाडाला साखळीने टांगले. लोखंडी दांड्याचा पहिला टोला बसला आणि मी स्वतःच दचकलो. केवढा तो आवाज! भरलेला होतो तोवर मुका होतो, रिकामा झालो तेव्हा वाजलो.

आमच्याकडे दिवस कलला की माझे तीन टोले पडतात. पहिल्या टोल्याला सगळ्यांनी घरी जायचे. दुसऱ्याला घरोघरी प्रार्थना सुरू होते. या वेळेला इथे सा म्हणतात. तिसरा टोला पडेपर्यंत कुणी घरातून उठायचे नाही, रस्त्यावर पाऊल टाकायचे नाही. नियम मोडला तर गावसभा दंड म्हणून डुक्कर घेते. आमच्या घरांना भिंती नसतात, त्यामुळे या घरातले स्तोत्र त्या घरात शिरते, त्या घरातले याच्यात, आणि गोड गोंधळ उडतो.

टोले मारण्याचा मान तावीताच्या घराण्याचा. तो न्यूझीलंडला सफरचंदे तोडायला गेला आणि दांडा त्याच्या बायकोच्या, पेनीनाच्या हातात आला. पेनीना म्हणजे आमच्या देवळाच्या गायकवृंदातला सगळ्यात भारदस्त आवाज. पण घरात चार लेकरे, त्यातले एक अंगावर पिणारे, सासू गुडघ्यांनी अडलेली, अळूचे शेत, डुकरे, धुणे. ती संध्याकाळी माझ्याकडे यायची ती पाय ओढतच. सा चालू असताना तिला घरी परतता येत नसे, म्हणून दुसऱ्या टोल्यानंतर ती माझ्याखालीच बसे. तेव्हाही हात रिकामे नसत. केवड्याच्या पानांच्या पट्ट्यांची टोपली सोबत आणून ती चटई विणत राही.

सासू मालिया जिभेने फार तिखट. एकदा गुडघे दुखत असतानाही ती मुद्दाम झाडापर्यंत आली आणि म्हणाली, "सूनबाई, काल देवळात तू अशी जांभई दिलीस की आतून अख्खी होडी गेली असती."

"मग काय करू, आई? रविवारी तेवढंच बसायला मिळतं."

"पाळकीणबाईंनी सांगितलंय ना, पहाटे उठून प्रार्थना कर म्हणून?"

"उठले होते. मी डोळे मिटले की बाळ डोळे उघडतं. देवापेक्षा त्याचे कान तिखट आहेत."

मालिया हसली. पेनीना हसली नाही. तिचा बेत वेगळाच होता. रविवारी देवळात मन भरून घ्यायचे आणि ते आठवडाभर पुरवायचे. पण मंगळवार उजाडेपर्यंत सगळे आटलेले असे. मला रोज दिसत होते ते.

एका गुरुवारी तिने पहिला टोला मारला आणि दांडा हातात धरून ती आभाळाकडे बघत बोलली. मी तेवढा ऐकायला होतो.

"देवा, रोज मी सगळ्या गावाला तुझ्याकडे पाठवते. मला कोण पाठवतं? माझ्याकडे आता तुला सांगायला काही उरलं नाही. उद्या सभेत हा दांडा परत करते. गाणंही सोडते. उगाच ओठ हलवायचे कशाला?"

मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला असता, पण तिथे गंज होता. पेनीनाने गाणे सोडायचे? देवाशी अबोला धरायचा? आणि मी नुसता टांगून राहायचे?

तिने दुसरा टोला मारला. घरोघरी गाणी सुरू झाली. टोपली जवळ ओढून ती खोडाला टेकली, एक पट्टी हातात घेतली आणि गाढ झोपली.

आता बघा काय झाले! स्तोत्रे संपली. प्रार्थना संपल्या. घराघरातून आमेन आले. सगळे तिसऱ्या टोल्याची वाट बघत बसले आणि टोला पडेना! चुलीवर अळकुड्या करपू लागल्या, पण उठणार कोण? डुक्कर कोण देणार? तेव्हा एका घराने दुसरे स्तोत्र सुरू केले. मग तिसरे. गावाच्या वेशीवर आलेली बस तिथेच थांबली, आणि आतले प्रवासीही बिचारे गाऊ लागले.

सा पाळला जातो की नाही हे बघायला सेफो रस्त्यावर उभा असे. तो तावीताचा चुलत भाऊ, अंगाने रेड्यासारखा. तो तरातरा आला. मला वाटले, आता हा दांडा उचलणार. त्याने पेनीनाकडे पाहिले. तिच्या हातातली पट्टी हळूच काढून टोपलीत ठेवली.

"झोपा, वहिनी," तो पुटपुटला. "गावाला थोडी जास्त प्रार्थना झाली म्हणून अपचन नाही होत."

आणि तो पुन्हा रस्त्यावर जाऊन उभा राहिला!

मग जे घडले ते मी जन्मात ऐकले नव्हते. ज्या घराची पाठ असलेली स्तोत्रे संपली, ते शेजारच्या घराच्या गाण्यात मिसळले. ती दोन घरे तिसऱ्यात. बघता बघता इकडच्या वेशीपासून तिकडच्या वेशीपर्यंत एकच स्तोत्र झाले. माझा पत्रा थरथरू लागला. बेकरीत, जहाजात, कुठेच मला असा आनंद झाला नव्हता.

पेनीनाने डोळे उघडले. आधी ती दचकली, दांड्याकडे झेपावली. मग थबकली. चहूबाजूंनी एकच गाणे येत होते आणि ती त्याच्या बरोबर मध्ये बसली होती. लांबून मालियाचा चिरका आवाज येत होता, त्यामागे नातवंडांचे. पेनीनाने दांडा मांडीवर ठेवला. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. मग ती गाऊ लागली, तिच्या त्या जुन्या भारदस्त आवाजात! तिने पूर्ण कडवे गायले, घाई न करता. त्यानंतर तिने तिसरा टोला असा हाणला की झाडावरची दोन नीरफणसे खाली आली.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. गावप्रमुख तुइमालो चटईवर मांडी घालून बसले होते.

"काल अख्ख्या गावाचं जेवण करपलं," ते म्हणाले. "माझ्या बायकोने मला कोळसा वाढला. पेनीना, काय झालं होतं?"

"मला झोप लागली," पेनीना म्हणाली.

"दांडा आणलायस. परत करायचाय का?"

"काल हेच ठरवलं होतं. आज तुम्ही मागितलात तरी देणार नाही."

सभेत हशा पिकला. तुइमालोंनी हसू दाबत निकाल दिला. डुकराचा दंड माफ. मात्र यापुढे सा म्हणजे तिच्यासाठीही सा, टोपली झाडाखाली आणायची नाही, नाहीतर दोन डुकरे.

कोपऱ्यात बसलेली मालिया म्हणाली, "बरं झालं. अगं, वाळवंटात देव लोकांना आभाळातून रोज मान्ना खायला द्यायचा. उद्यासाठी साठवला की किडायचा. तू रविवारचा आठवडाभर पुरवायला बघत होतीस."

"मग हे आधी का नाही सांगितलंत, आई?"

"तू जागी कधी होतीस?"

तेव्हापासून पेनीना रोज रिकाम्या हातांनी येते. धुणे तेवढेच आहे, बाळ अजून पहाटेच उठते, दमते ती पूर्वीसारखीच. पण दुसऱ्या टोल्यानंतर ती बसते. कधी गाते, कधी रडते, कधी नुसती समुद्राकडे बघत राहते. तिसऱ्या टोल्याला उठते ती ताठ कण्याने. मला दांड्यातून तिचा हात कळतो, मित्रांनो, आणि आता त्या हाताला जोर आहे.

तुमच्याही घरात अशी कुणीतरी असेलच. उठा, जेवा, अभ्यासाला बसा, देवाला हात जोडा, असे ती रोज तुम्हाला सांगते. माझ्यावर गंज चढला तर तेल लावा, साखळी झिजली तर बदला, एवढेच माझे मागणे. तिच्यासाठी मात्र रोज थोडा वेळ जागेवर बसून राहा आणि तिला हाक मारू नका. चुलीवरचे करपले तरी चालेल.